मेव्हण्याच्या गाडीचा अलार्म

गाडी माझी नव्हतीच, मेव्हण्याची होती. पुण्याला नोकरी लागली तसं त्यानं आपली जुनी स्प्लेंडर आमच्या जिन्याखाली आणून लावली, "दाजी, अधूनमधून चालू करीत जावा, नाहीतर बॅटरी बसते" म्हणला, चावी आणि रिमोट बहिणीच्या हातात दिला आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेला. गल्लीत कुणाला याचा पत्ता नव्हता, कारण गाडी आली अंधारात आणि तेव्हापासून ताडपत्रीखालीच होती, मी सुरू करायचो ती पण जिन्याखालीच. तर त्या रविवारी दुपारी मी ती अनोळखी गाडी गल्लीच्या मधोमध काढून, डबल स्टँडवर लावून, सीट उचकटून, साईड कव्हर बाजूला टाकून, हातात दहाचा पाना घेऊन बसलो होतो आणि गाडी जीव तोडून बोंबलत होती. त्या भोंग्यात पाच-सहा प्रकारचे आवाज असतात, ते सगळे पाळीपाळीनं. आधी टुईंव टुईंव, मग अँब्युलन्स, मग पोलीस व्हॅन, मग नुसतंच कर्रर्र, की परत पहिल्यापासून. दळणाचा डबा घेऊन एक पोरगी गेली. ट्यूशनची पोरं सॅक लटकवून गेली, त्यातल्या एकानं चालता चालता त्याच चालीवर शीळ घातली. कोपऱ्यावरचे एक गृहस्थ थांबले, मला वाटलं आता विचारणार, तर गाडीकडं वाकून बघत म्हणले, "चेन लई लूज हाय सर, आवळून घ्या." आणि गेले.

कुणाची गाडी, कुणीच विचारलं नाही.

रात्री जेवताना तेच डोक्यात घोळत होतं. आवाजाचा त्रास झालाच, डाव्या कानात अजून बारीक शिट्टी चालू होती, पण त्याचं एवढं काही नाही, गणपतीत डीजेपुढं यापेक्षा जास्त सोसलंय. टोचत होतं ते वेगळंच. माणसं गोळा करायची एवढ्या एकाच कामासाठी बनवलेली वस्तू भर दुपारी आपलं काम इमानानं करतेय आणि गल्लीला त्याचं सोयरसुतक नाही. बायकोला म्हणलं, मी चोर असतो तर? ती म्हणली, तुम्ही चोर असता तर बॅटरी काढायला दीड तास लावला नसता. मुद्दा बरोबर होता म्हणून मी वरण मागितलं.

आता त्या अलार्मचं बघा. काडेपेटीपेक्षा जरा मोठा काळा डबा, त्यातून निघालेला वायरींचा झुबका आणि एक भोंगा. डब्यात हादरा ओळखणारा सेन्सर, गाडी हलली, वाकली, कुणी नुसतं टेकलं तरी तो भोंग्याला कळवतो. रिमोटवर अनलॉक दाबलं की दोनदा चिवचिव करून गप होतो खरा, पण त्याची अट असते, अर्ध्या मिनिटात चावी ऑन करायची. नाही केली तर त्याला वाटतं मालक लॉक करायचं विसरला बिचारा, आणि तो आपल्या मनानं परत लॉक होऊन बसतो. म्हणजे तुम्ही अनलॉक करून खाली बसता, पाना शोधता, नट ढिला होतोय न होतोय तोवर हा परत पहाऱ्यावर उभा. चावी ऑनच ठेवावी तर न्यूट्रलचा हिरवा दिवा मिणमिणत राहतो आणि आधीच बसलेली बॅटरी आणखी बसते. बरं, बॅटरी बसली कशानं तर याच्याचमुळं. भाचा पॉलिटेक्निकला आहे, त्यानं नंतर मल्टिमीटर लावून बघितलं, गाडी बंद असताना हा बाबा दहा मिलिअँपिअरच्या आसपास ओढत होता. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे २४ तास धरले की २४० मिलिअँपिअर-अवर होतात आणि स्प्लेंडरची बॅटरी असते केवढी, अडीच-तीन अँपिअर-अवरची. दहा-बारा दिवसांत खलास. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

म्हणून ठरवलं की बॅटरीच काढून चार्जिंगला टाकू, तोवर प्लग साफ करू, चेनला ऑईल देऊ, असं सगळं साधंसरळ. मायनसची वायर आधी काढायची हे आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी मला कधीच शिकवून ठेवलंय, प्लसवर पाना असताना तो चुकून चेसीला टेकला तर ठिणग्या उडतात, म्हणून काढताना मायनस आधी आणि बसवताना मायनस शेवटी. काढली. आणि इतका वेळ गाडी नुसती लाडात बोलत होती असं वाटावं असा आवाज सुरू झाला, कारण या जातीच्या भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची बारकी बॅटरी असते. वायर तोडणारा चोरच असणार हे धरूनच तो बनवलेला. आता रिमोट दाबून उपयोग नाही, रिमोटचं ऐकणारा डबाच वीज गेल्यामुळं मेलेला. भोंगा थेट बंद करायला मागच्या बाजूला रबरी टोपणाआड गोल चावीचं भोक असतं, ती चावी कुठंय म्हणून मेव्हण्याला फोन लावला तर तो तिकडून ओरडतोय, "काय? काही ऐकू येईना दाजी, मिरवणुकीत हाव का तुम्ही?" शेवटी कळलं की चावी अलार्मच्या खोक्यात होती आणि खोका त्यानं अलार्म बसवला त्याच दिवशी टाकून दिला होता.

विचार करा, मी जे जे करत होतो ते सगळं चोरही तसंच करणार. गाडी ओढून बाजूला घेणार, सीट काढणार, वायरला हात घालणार, बॅटरी तोडणार. त्या डब्याच्या बाजूनं बघितलं तर दुरुस्ती आणि चोरी यात काडीचाही फरक नाही. उलट चोराचे हात जास्त सफाईदार असणार, तो कदाचित त्याला कमी हलवेल.

मग मी भोंग्याच्या तोंडावर तळहात दाबून धरला. आवाज फार कमी होत नाही त्यानं, पण तो हातात शिरतो, मनगटातून कोपरापर्यंत हाड न हाड गुणगुणायला लागतं आणि दात आपोआप आवळले जातात. बायकोनं वरून आईची जुनी वाकळ टाकली, ती गुंडाळली, वाकळेतून लिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आणि टुईंव टुईंव दोन्ही येऊ लागलं. हात जरा बाजूला केला तेव्हा भोंग्याच्या आत काहीतरी दिसलं म्हणून मोबाईलचा उजेड मारला, तर आत कुंभारीण माशीचं घर. चिखलाची बारीक बारीक मडकी एकाला एक चिकटवलेली, एक फुटलेलं, त्यात वाळून कडक झालेले दोन-तीन कोळी, तिनं पिल्लांसाठी आणून कोंबलेले. भोंगा वाजत होता तशी ती माती थरथरून तिची पूड माझ्या बोटांवर पडत होती. म्हणजे हा भोंगा बरेच महिने वाजलाच नव्हता, नाहीतर वाजला तरी कुंभारणीला त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीकडं बघता दुसरंच खरं असावं. बऱ्याच वेळानं त्याच्या पोटातली बॅटरी उतरली, आवाज बारीक होत होत नुसता करकर करायला लागला आणि मग तोही बंद.

माझी स्वतःची गाडी एकदा गेलीय, आमच्या लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारातून. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं, म्हणजे चोराला पळायला पण सोळा. दिवाळीच्या तोंडावरची गर्दी, गाड्या एकमेकींना इतक्या चिकटून लावलेल्या की आपली काढायची तर शेजारच्या दोन आधी सरकवाव्या लागतात. कापड घेऊन आलो तर जागा रिकामी. समोरच्या चहावाल्याला विचारलं, इथं काही दिसलं का, तर त्यानं चहा गाळता गाळताच सांगितलं की हां, मघाशी तिथं अलार्म बोंबलत होता बराच वेळ. माझ्या गाडीला अलार्म नव्हता. बोंबलत होती ती शेजारची, माझी ओढून काढताना तिला धक्का लागला म्हणून. तिच्या आवाजातच माझी गेली. मी म्हणलं, मग बघितलं नाही का उठून? त्यावर तो म्हणला, "बाप्पा, दिवसभर बोंबलतेतच की, कुणाकुणाच्या बघायच्या?" मला त्याचा राग यायला पाहिजे होता, आला नाही. मीही गोलाईत उभा असताना अशा किती गाड्या ऐकल्या असतील आणि मान वळवली नसेल. तिथंच उभं राहून त्याचा चहा प्यालो, पैसे दिले आणि मग पोलीस स्टेशनला गेलो.

पण आवाज झाला की माणूस उठतच नाही असंही नाही, मी उठणारी माणसं बघितलेली आहेत.

१९९३ ला मी चौथीत होतो. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही, त्या पहाटेच्या भूकंपाचं बोलत नाही, ते सगळ्यांचं सांगून झालंय. मला जास्त आठवतात ते नंतरचे महिने. धक्के येतच होते, बारके, कधी दिवसा कधी रात्री, आणि दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरात झोपायची कुणाची छाती होत नव्हती. आम्ही अंगणात बांबू रोवून ताडपत्री टाकलेली. पुढं थंडी वाढली तशी आजी हट्टानं ओसरीत सरकली आणि तिच्या मागं एकेक करून सगळे. तेव्हापासून ती रोज रात्री परातीत पितळी तांब्या पालथा घालायची, त्याच्यावर फुलपात्र, त्याच्यावर स्टीलचा पेला, तोही पालथा, काठाला काठ जेमतेम टेकलेला. जमीन जराशी हलली की पेला परातीत. तिला हे कुणी शिकवलं कुणास ठाऊक, शेजारच्या घरातही रात्री-अपरात्री असाच खणखणाट ऐकू यायचा. खरा धक्का क्वचित, बहुतेक वेळा मांजर, नाहीतर घूस, एकदा तर कुणाचा तरी पायच लागला. पण पेला पडला की बापू, आई, काका, आम्ही पोरं, सगळे अंगणात. थंडीत कुडकुडत जमिनीकडं बघत उभे राहायचो थोडा वेळ, काही होत नाही म्हणल्यावर आजी आत जायची, "मांजर मेलं" म्हणायची आणि दिव्याच्या उजेडात परत तांब्या, फुलपात्र, पेला. उगाच उठवलं म्हणून कुणी चिडलेलं मला आठवत नाही. एकदा मला लई झोप आलेली, पेला पडलेला ऐकला आणि तसाच पडून राहिलो, तर बापूनं दोन्ही पाय धरून मला फरफटत बाहेर नेलं, ओसरीच्या दगडावर पाठ सोलून निघाली. बाहेर आल्यावर काही बोलले नाहीत, नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले आणि ते जास्तच झोंबत होतं.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणला, मामा, आजीनं सेन्सिटिव्हिटी लई जास्त ठेवली होती. ठेवली होती खरी.

आणि लातुरात राहणाऱ्यांना दुसरा अलार्म वेगळा सांगायला नको. नळ आला! एवढे दोन शब्द, कुठल्याही वेळी, कुणीही म्हणू द्या. भोंगा नाही, बॅटरी नाही, एका घरातून दुसऱ्या घरात बोलल्यासारखं कुणीतरी म्हणतं आणि मिनिटाच्या आत गल्लीभर दारं उघडतात, मोटारी घुंईं करतात, पाईप फरशीवर आपटतात, झोपेतलं माणूस डोळे न उघडता वॉलपाशी जातं. २०१६ सालानं आमचे कान असे तयार करून ठेवलेत. मांजरा धरणात चिखल उरलेला, पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून १४४ कलम लावलेलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येतंय, असे दिवस ज्यांनी काढले त्यांना टँकरचा हॉर्न आणि साध्या ट्रकचा हॉर्न यातला फरक अजून झोपेत कळतो. आता बरं आहे, तरी नळ काही रोज येत नाही, आणि येतो तेव्हा वेळकाळ बघून येत नाही.

त्या रविवारीही रात्री साडेबाराला आला. मी अंगणात हौदाला पाईप लावून उभा, समोरच्या काकू त्यांच्या दारात घागरी विसळत. म्हणल्या, "झाली का नीट गाडी, सर?"

मी म्हणलं, तुम्हाला आवाज आला होता का दुपारी?

"आला की. बहिरी हाय का मी? गॅलरीत येऊन बघितलं. गाडी वळखीची नव्हती, पण बसलेले तुम्ही होताव. मग पडले जाऊन." घागर उचलून कडेवर घेतली आणि हसायला लागल्या, "मग परत बघितलं तर भोंग्याचं तोंड दाबून बसला होताव."

मला काय वाटलं नक्की सांगता येत नाही. बरं वाटलं हे खरं, दुपारपासून ज्या गल्लीवर मी मनातल्या मनात चिडलो होतो तिनं मला वरून बघून, ओळखून, मंजुरी देऊन टाकली होती आणि मला पत्ता नव्हता. थोडी लाजही वाटली. पण आत कुठंतरी हेही वाटलं की मग मी ती गाडी खरंच कुठून तरी उचलून आणली असती तरी काकू पडल्याच असत्या जाऊन. आणि दुसरं, माझ्या जागी एखादा गरीब अनोळखी पोरगा स्वतःचीच गाडी दुरुस्त करत बसला असता तर? त्याला गाडीचा कागद दाखवावा लागला असता, गर्दी जमली असती, एखाद्यानं आधी कानफटात ठेवून मग नाव विचारलं असतं. हे काकूंना बोललो नाही. पाण्याची वेळ होती आणि पाण्याच्या वेळी कुणी असलं काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत चाचांकडं नेली. त्यांनी आधी पूर्ण ऐकून घेतलं, मग बिडी विझवली आणि म्हणले, "सर, ये भोंगा चोर कू नै पकडता, मालक कूच पकडता." या अलार्ममध्ये खरं कामाचं काय असेल तर ते इग्निशन तोडणारं कनेक्शन, लॉक असताना कितीही किक मारा, गाडी उठणार नाही, आणि ते काम गुपचूप होतं. भोंगा नुसता शोभेला. माझ्या संमतीनं त्यांनी भोंग्याची वायर तोडून टेप मारला, कुंभारणीचं घर स्क्रूड्रायव्हरनं टोकरून काढलं, पोटातली गळायला लागलेली बारकी बॅटरी काढून कोपऱ्यात फेकली आणि भोंगा माझ्या हातात दिला. आता हा कुणाला द्यायचा?

अण्णानं नेला. थोरला भाऊ, गावाकडं शेती बघतो, हरभऱ्यात रानडुकरांनी धुडगूस घातलेला. बापूच्या वेळेला जागलीला माणूस जायचाच, माळ्यावर घोंगडी टाकून, हाताशी गोफण, रात्रभर अधूनमधून हाळी द्यायची. आता अण्णाचे गुडघे राहिलेले नाहीत आणि पोरं शिकायला लातूरला, म्हणजे माझ्याकडं. मधल्या काळात त्यानं ते रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे स्पीकर पण लावून बघितले, ज्यात एक माणूस रात्रभर हुर्र हुर्र करत असतो. तर हा भोंगा त्यानं फवारणीच्या पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर जोडला, मधे एक स्वस्तातला टायमर टाकला आणि सायकलच्या ट्यूबनं बाभळीला बांधला. पहिल्या रात्री डुकरं तर पळालीच, शेजारच्या शेतातला सालगडीपण चप्पल सोडून पळाला म्हणे.

नंतर फोन केला तर अण्णा म्हणला, "कशाचं काय, दोन-चार रात्रीत वळखलं की त्येनी. आता भोंग्याखालीच घाटे खायलेत."

मी म्हणलं, मग काढून टाक.

"काढू कशाला? वाजला की मी उठतोय, धुऱ्यापर्यंत जातोय, बॅटरी मारतोय आन् एक सणसणीत शिवी घालतोय. भोंग्याला भेत न्हाईत, शिवीला भेतेत." मग जरा थांबून म्हणला, "मलाच गजर झाला त्यो."

मेव्हण्याचा परवा फोन आलेला. दिवाळीला येतोय, गाडीची चौकशी केली, भोंगा काढला म्हणून सांगितलं तर जरा हिरमुसला, मग त्यातून लगेच बाहेर येऊन म्हणला, बरंच झालं दाजी, आता जीपीएसवाला बसवू, गाडी हलली की डायरेक्ट मोबाईलवर वाजतो, जगात कुठंही असा. मी हिशोब केला, म्हणजे लातुरात जिन्याखाली गाडी हलणार, पुण्यात याचा फोन वाजणार, हा मीटिंगमधून बाहेर येऊन मला फोन करणार आणि मी शाळेतून घरी फोन लावून विचारणार की खाली बघ जरा. मी त्याला म्हणलं, बसव, काही हरकत नाही, फक्त नंबर टाकताना समोरच्या काकूंचा टाक.